किल्लीबाबांची निळी पिशवी

बंद पडलेल्या सिनेमागृहात एवढी गर्दी सिनेमा चालू असतानाही कधी जमली नव्हती. खुर्च्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, उरलेली मंडळी थेट पडद्याखाली मांडी ठोकून बसली. पडद्यासमोर एक टेबल होतं. टेबलावर काचेची मोठी बरणी, बरणीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आणि त्या पाण्यावर दोऱ्याने लटकवलेली एक पारदर्शक पिशवी. पिशवीत गढूळ पांढरं पाणी. टेबलामागे साक्षात किल्लीबाबा उभे होते.

बाबा म्हटल्यावर कुणाला जटा, दाढी, भस्म आठवेल, तर तसलं काही नाही. गुळगुळीत गाल, कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि गळ्यात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा. काळ बदलला की बाबाही कपडे बदलतात.

"मी डॉक्टर नाही हं!" बाबा माइकमधून म्हणाले. "मी साधा कुलूपवाला. डॉक्टर औषध देतात, मी दार उघडतो. ऐका. तुम्ही उदासीवरची गोळी गिळता. ती पोटातून रक्तात जाते, रक्तातून मेंदूच्या दारापर्यंत जाते. दारावर कोण उभा असतो?"

"पहारेकरी!" सगळं सभागृह एका सुरात ओरडलं. नेहमीचे लोक होते, पाठ झालं होतं.

"पहारेकरी! तो गोळीला म्हणतो, कोण गं तू? चल, नीघ! मग ती बिचारी आल्या पावली परत. गोळी आत गेलीच नाही, तर उदासी जाईल कशी?"

हशा पिकला. मधल्या रांगेत एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे गावभर त्यांना विज्ञानाच्या बाई म्हणत. डावीकडे त्यांची आई हात जोडून बसली होती, उजवीकडे धाकटा भाऊ. त्याच्यासाठीच त्या इथे आल्या होत्या.

धाकटा छापखान्यात रंग जुळवायचं काम करायचा. छापलेला निळा आणि मागितलेला निळा यांत केसाएवढा फरक असला तरी त्याला दिसायचा. वर्षभरापूर्वी एके सकाळी तो कामावर गेलाच नाही. मग जाणंच थांबलं. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. डॉक्टरांनी एक गोळी दिली, गुण आला नाही. दुसरी दिली, तरी तेच. पुढे असे दिवस आले, की आईने सुताराला बोलावून त्याच्या खोलीची आतली कडी काढून घेतली आणि रोज दारापाशी चटई टाकून झोपू लागली. मग तिसरी गोळी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात शेजारणीने आईला किल्लीबाबांचं नाव सांगितलं.

आता धाकटा दाढी करत होता. जेवताना मीठ मागत होता. परवा तर खिडकीबाहेर बघत "आज आभाळ धुरकट आहे" असं म्हणाला, तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

बाबांनी पिशवी पाण्यात सोडली आणि बरणीवर काळं फडकं टाकलं. एका रोग्याला पुढे बोलावून त्याची गोळ्यांची पट्टी बरणीखाली ठेवली. पाकीट बंद, गोळ्या बरणीबाहेर आणि त्यांचं 'तत्त्व' मात्र म्हणे पाण्यात उतरतं. "पाणी म्हणजे रक्त, पिशवी म्हणजे मेंदू. मी किल्ली फिरवून घंटा वाजवली, की दार उघडणार, तत्त्व आत पोचणार आणि मेंदू निळा होणार!" मग गुलाबपाण्याचा फवारा उडाला आणि बाबांचं बोलणं सुरू झालं. सासूचे विनोद झाले, कंजूष सावकाराचा विनोद झाला, मेंदूला किती खोल्या असतात ते झालं. बोलता बोलता बाबा दोनदा मनगटाकडे बघून गेले. बाईंनी ते टिपलं. देवाचं काम करणाऱ्या माणसाला घड्याळ कशाला लागतं?

तेवढ्यात माइकची वायर टेबलाच्या पायात अडकली. बाबांनी ती ओढली आणि वायरीबरोबर काळं फडकंही सरकलं. क्षणभरच. पिशवीचा एक कोपरा उघडा पडला आणि तो निळा होता. किल्ली अजून बाबांच्या गळ्यात होती, घंटा टेबलावर होती. बाबांनी झटकन फडकं सारखं केलं. सगळे वायरीकडे बघत होते. मग त्यांनी रोग्याच्या कपाळाला किल्ली लावली, फिरवली, घंटा वाजवली, फडकं ओढलं.

पिशवी गडद निळी! टाळ्या, हुंदके, जयजयकार.

"आणि पुढच्या आठवड्यात," बाबा म्हणाले, "रंग जुळवणारे आपले मित्र. त्यांचं दार शेवटचं एकदा उघडेल आणि कायमचं उघडं राहील. मग त्यांना गोळ्यांची गरज काय? गोळ्या कुठे जाणार?"

"घड्यात!" सभागृह गरजलं. टेबलाशेजारी एक मातीचा घडा होता. त्यात 'मोकळे झालेले' लोक आपल्या गोळ्या टाकत. महिन्यापूर्वी बाजारातल्या चष्मेवाल्याने टाकल्या होत्या. माइकवर येऊन तो म्हणाला होता, मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं.

बाईंनी धाकट्याचा हात धरून त्याला बाहेरच्या दाराकडे वळवलं.

घरी पोचल्यावर त्यांनी तोंड उघडलं मात्र, आई उसळलीच. "हे बघ, तुझं ते विज्ञान शाळेत ठेव. तुझ्या डॉक्टरने काय सांगितलं? थांबा. एवढंच! मी त्या दारापाशी पडून होते तेव्हा थांबायला कुणाला सांगत होता तो? ह्या माणसाने माझ्या लेकाचा हात हातात घेऊन विचारपूस तरी केली."

"आई, गोळ्या टाकायच्या म्हणजे..."

"ताई, राहू दे," धाकटा हळूच म्हणाला. "मला बरं वाटतंय. आणखी काय हवं?"

त्याला बरं वाटत होतं, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. सगळं सांगून म्हणाल्या, "तो पहारेकरी वगैरे सगळी थाप आहे ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नाही हो. पंचाईत तीच आहे. पहारेकरी खरा आहे."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना पेशींचं अस्तर असतं. पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या, की रक्तातली पुष्कळ द्रव्यं मधून आत शिरू शकत नाहीत. त्या पेशींच्या आवरणात प्रथिनं बसलेली असतात. वाहक प्रथिनं. काही जण साखरेसारखं हवं ते आत घेतात. काही जण नको ते पकडून परत रक्तात ढकलतात. उदासीवरच्या काही गोळ्या त्या ढकलणाऱ्यांच्या तावडीत सापडतात, काही सुटतात. उंदरांमध्ये तसलं प्रथिन नसेल, तर काही गोळ्या मेंदूत जास्त पोचतात, हे तपासलेलं आहे."

"मग आधीच्या दोन गोळ्या लागू पडल्या नाहीत, त्या ह्या पहारेकऱ्यामुळे?"

"असेल, नसेल. माणसांत त्याने कितीसा फरक पडतो, ह्यावर अजून एकमत नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत काय झालं, मला माहीत नाही."

किल्लीबाबांच्या तोंडून "मला माहीत नाही" हे शब्द बाईंनी एकदाही ऐकले नव्हते. ह्या माणसाच्या तोंडून ते ऐकून त्यांना उलट धीर आला.

"आणि किल्लीने दार उघडतं?"

डॉक्टर हसले. "प्रथिनाला कपाळावरची किल्ली कळत नाही. आणि समजा, दार खरंच सताड उघडलं, तर औषधाबरोबर रक्तातलं विषही आत जाईल. तो पहारेकरी आपलाच माणूस आहे, बाई. त्याला हाकलून कसं चालेल?" मग ते गंभीर झाले. "पण भाऊ सुधारलाय म्हणता ना? तिसरी गोळी कधी सुरू केली आपण?"

बाईंनी आठवून पाहिलं. "आई त्याला पहिल्यांदा तिकडे घेऊन गेली, त्याच आठवड्यात."

"मी सांगितलं होतं, गुण यायला महिना-दीड महिना लागेल. गोळी मेंदूपर्यंत लवकर पोचते, पण त्यानंतर मेंदूला हळूहळू बदलावं लागतं. सांगितलं होतं, पण बसवून समजावलं नाही. बाहेर रांग होती." मग त्यांनी बजावलं, "गोळ्या एकदम बंद करू देऊ नका. चक्कर येते, जीव कासावीस होतो आणि उदासी परत येते. कधी कधी आधीहून वाईट."

घरी जाताना बाई बाजारात चष्मेवाल्याच्या दुकानाकडे वळल्या. दुकानाला कुलूप होतं. वरच्या मजल्यावर त्याची बायको भेटली. डोळे सुजलेले.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "लोक बाबांना बोल लावतील. गोळ्या टाकल्या, चार दिवस बरे गेले. आता उठत नाहीत, जेवत नाहीत. बाबांकडे गेले तर म्हणाले, तुमची श्रद्धा कमी पडली, दार परत लागलं."

"आणि डॉक्टर?"

"कुठल्या तोंडाने जाऊ? सगळ्यांसमोर गोळ्या फेकल्या ना आम्ही."

बाईंचं डोकं फणफणलं. बरं झालं तर बाबांचं, बिघडलं तर रोग्याचं. असल्या धंद्याचा कुठल्याही दुकानदाराला हेवाच वाटावा. "आजच जा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर हसणार नाहीत. मी येते बरोबर."

पण पिशवीचं कोडं सुटत नव्हतं. तो निळा रंग बाईंनी कुठेतरी पाहिला होता. सापडला तो नववीच्या वर्गात. दरवर्षीप्रमाणे त्या पातळ पडद्यातून पदार्थ आरपार कसे जातात, ते दाखवत होत्या. पिशवीत खळीचं पाणी, बाहेर आयोडीन. आयोडीनचे कण बारीक, ते पडद्यातून आत जातात. खळीचे मोठे, त्यांना बाहेर येता येत नाही. आत दोघांची गाठ पडली, की रंग निळा. फक्त ह्याला थोडा वेळ लागतो आणि नववीची पोरं तेवढा वेळ गप्प बसत नाहीत. म्हणून बाई दरवर्षी एक विनोद सांगायच्या. दरवर्षी तोच, विसराळू प्राध्यापकाचा.

"...तर प्राध्यापक छत्री घेऊन..." असं म्हणत असतानाच बाई थांबल्या. नकळत त्यांची नजर मनगटाकडे गेली होती.

"बाई, पुढे?" पोरं ओरडली. "छत्रीचं काय झालं?"

"अरे, सासूचे विनोद!" बाई स्वतःशीच म्हणाल्या. वर्गाला काही कळलं नाही. गुलाबपाण्याचा फवारा कशासाठी होता, तेही आता उमगलं. आयोडीनचा वास दडपायला.

रविवारी दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सामान मांडलं. कपड्यांना घालायची खळ, प्रथमोपचाराच्या डब्यातलं आयोडीन, शाळेतून आणलेला पडद्याचा तुकडा. धाकट्याला हाक मारली. आई दारात येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून.

"हे बघ. किल्ली नाही, घंटा नाही. आपण नुसतं बसायचं."

दोघं बसली, आई दारातच थांबली. पिशवीत आधी निळसर धूर उठल्यासारखा झाला, मग तो गडद होत गेला. धाकटा पुढे वाकला. त्याच्या कपाळाला ओळखीची आठी पडली. छापखान्यात रंग तपासताना पडायची तीच.

"तोच निळा आहे," तो म्हणाला. "अगदी तोच."

आई खुर्चीत बसली. मग म्हणाली, "पिशवीचं समजलं गं. पण हा? हा बरा झालाय, ते तर मी डोळ्यांनी पाहतेय. ह्यात कसली आलीय खळ?"

"पिशवी निळी व्हायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "तेवढा वेळ बाबा विनोद सांगतात आणि शेवटी घंटा वाजवतात. गोळी लागू पडायलाही वेळ लागतो. तेवढे आठवडे बाबा किल्ली फिरवतात आणि शेवटी घंटा वाजवतात. दोन्हीकडे युक्ती एकच आहे, आई. काम दुसराच करतो, हा फक्त वेळ साधतो."

धाकट्याने पिशवीवरून नजर काढली नाही. "म्हणजे मी घड्यात टाकणार होतो, ती..."

"तीच तुला वर आणणारी होती."

आईने त्याचा हात हातात घेतला. "मी तुला नेलं रे तिकडे," ती म्हणाली. "मीच नेलं."

"तू माझ्या दारापाशी झोपत होतीस, आई. ते बाबांनी नाही केलं."

ठरलेल्या दिवशी सिनेमागृह पुन्हा भरलं. बाबांनी धाकट्याला वर बोलावलं. बरणी तयार, फडकं तयार, घडा तयार. "पाणी म्हणजे..." त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, एक विनंती." धाकट्याने माइक हातात घेतला. वर्षभरात तो इतक्या लोकांसमोर बोलला नव्हता. शब्द मात्र स्वच्छ येत होते. "आज फडकं नको. घंटा नको. किल्ल्याही जरा माझ्याजवळ द्या. आपण सगळे नुसती वाट बघू."

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये, बाळा."

"परीक्षा श्रद्धेची नाही, पिशवीची आहे."

कुजबुज सुरू झाली. नाही म्हणावं तर संशय येणार. बाबांनी किल्ल्या दिल्या, पिशवी पाण्यात सोडली, पण त्यांची नजर आता मनगटावर नव्हती, मागच्या दाराकडे होती. सभागृह श्वास रोखून बसलं. विनोद नाहीत, फवारा नाही. पहिल्या रांगेतल्या लोकांना उग्र वास येऊ लागला. "दवाखान्यासारखा वास येतोय," कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणी बोट न लावता, पिशवी निळी होऊ लागली.

बाबा हार मानणारे नव्हते. "पाहिलंत!" ते हात उंचावून ओरडले. "माझ्या आधीच्या साधनेने ह्यांचं दार आधीच उघडलं होतं!"

आणि गंमत बघा, निम्म्या माना डोलल्या. लोकांना फसायची इतकी हौस असते, की फसवणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

तेव्हा बाई उठल्या. त्यांच्या मांडीवर एक छोटी बरणी होती. ती डोक्यावर धरून त्या मधल्या वाटेने पुढे आल्या. आतली पिशवीही निळी झालेली. "ह्या बरणीखाली गोळी नाही," त्या म्हणाल्या. "इथे रोगी नाही, बाबा नाहीत, साधना नाही. पिशवीत कपड्यांची खळ आहे आणि बाहेर जखमेवर लावतात ते आयोडीन. मग हे दार कुणाचं उघडलं? माझ्या साडीचं?"

आधी एक जण हसला, मग सगळे. पण मागून एक आवाज आला आणि हसू विरलं. चष्मेवाल्याची बायको उभी होती.

"माझ्या माणसाचं दार परत लागलं म्हणालात ना?" ती बाबांना म्हणाली. "डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता पुन्हा महिनाभर वाट बघायची. तोपर्यंत त्यांना जपायचं. त्या गोळ्या तुम्ही घड्यात का टाकायला लावल्यात? सांगा ना."

बाबा सटकन मागच्या दाराकडे वळले. दार आतून लागलेलं होतं, भलं जुनं कुलूप. धाकट्याने किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. बाबांनी एकेक किल्ली लावून पाहिली. एकही लागली नाही. शेवटी सिनेमागृहाचा म्हातारा रखवालदार खिशातून किल्ली काढत पुढे आला, पण दार उघडण्याआधी त्याने पोलिसांना फोन लावला.

बाईंनी माइक घेतला. भाषण त्यांना जमत नाही, त्या वर्गात शिकवतात तसं बोलल्या. "मेंदूच्या दारावर पहारेकरी आहे, ते खरं आहे. त्याचा अभ्यास चालू आहे, अजून पुष्कळ कळायचं आहे. ह्या माणसाने ते खरं उचललं आणि आपलं खोटं त्याच्या पाठीवर बसवलं. अर्धं खरं बोलणाऱ्यापासून जास्त सावध राहा. चमत्कार दिसला, की एकच प्रश्न विचारा. हा माणूस आज आलाच नसता, तर काय झालं असतं? आणि गोळी सुरू करायची असो की बंद, डॉक्टरांना विचारून. शंका असली, तर त्यांना दहा वेळा विचारा. त्यांना रांगेची घाई असली, तरी विचारा."

घड्यातल्या गोळ्यांचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. डॉक्टरांनी त्या नेऊन नष्ट केल्या. ज्यांनी ज्यांनी टाकल्या होत्या, त्यांना एकेक करून बोलावलं आणि ह्या वेळी खुर्ची देऊन समजावलं.

काही महिन्यांनी धाकटा छापखान्यात रुजू झाला. शेजारीण आईला म्हणाली, "अखेर कुणाचा गुण आला म्हणायचा?"

"गोळीचा," आई म्हणाली, "आणि वाट बघण्याचा. वाट मात्र आम्हीच बघितली."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांशी बोलून, तिने सुताराला बोलावलं. त्याने धाकट्याच्या दाराला कडी परत बसवून दिली. धाकट्याने ती लावून पाहिली, काढून पाहिली. आई बाहेर चटई गुंडाळत होती. मग त्याने दार उघडंच ठेवलं आणि आत जाऊन रंगांचे नमुने उजेडात मांडून बसला.